थैलीतले कागद आणि संगणकांची बोली

आपल्या घरात एक थैली नक्की असेल. कापडाच्या दुकानातून मिळालेली, बंद थोडे विटलेले, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली किंवा दारामागच्या खुंटीला टांगलेली. तिच्यात निरनिराळ्या दवाखान्यांचे केसपेपर, रक्त-लघवीचे अहवाल, घडी घालून तडकलेली एक्स-रे फिल्म, दोनतीन डिस्चार्ज कार्डे आणि एक-दोन हृदयालेख असतात. हृदयालेखाच्या कागदावरच्या रेषा बऱ्याचदा उडून गेलेल्या असतात, कारण तो कागद उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो आणि काही वर्षांत कोरा होऊ लागतो. "डॉक्टरसायेब, समदं थैलीत हाये, पाहून घ्या ना," असे म्हणत ती थैली माझ्या टेबलावर रिकामी करणारे ज्येष्ठ मला रोज भेटतात. मी त्या थैलीची थट्टा करत नाही. आजच्या घडीला वऱ्हाडातील बहुतेक ज्येष्ठांचा संपूर्ण वैद्यकीय इतिहास सांगू शकणारी ती एकमेव वस्तू आहे.

तरीही एक प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. दर्यापूरच्या डॉक्टरांकडे संगणक आहे, अकोल्याच्या प्रयोगशाळेत आहे, अमरावतीला जेथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेथे आहे, आणि नागपूरला जेथे हृदयात स्टेंट बसवला तेथे तर प्रत्येक मजल्यावर आहे. मग आपल्याला बसमधून ही थैली का वाहावी लागते? पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत क्षणात जातात. रक्तातील साखरेचा एक आकडा अकोल्याहून अमरावतीला, जेमतेम शंभर किलोमीटरवर, आपोआप का जात नाही?

याचे थोडक्यात उत्तर असे की, प्रत्येक संगणक स्वतःच्या बोलीत लिहितो आणि दुसऱ्याची बोली त्याला कळत नाही. हे नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे, म्हणून आज हा विषय निवडला.

संगणकात कागद ठेवणे आणि संगणकाला कागद कळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली (आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच). पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. त्या योजनेत शस्त्रक्रियेची मंजुरी मिळवण्यासाठी रुग्णाची कागदपत्रे संगणकावरून पाठवावी लागत, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून आपल्याकडे असा समज रूढ झाला की, कागदाचा फोटो काढून चढवला म्हणजे नोंद संगणकीय झाली. फोटो पाठवणे उपयुक्तच आहे, पण तो वाचण्यासाठी पुन्हा माणूसच लागतो. त्या फोटोत क्रिएटिनिन २.१ लिहिलेले असेल, तरी संगणकाच्या लेखी ते कागदावरचे काही काळे ठिपके असतात. तो आपण होऊन "या रुग्णाची मूत्रपिंडे थकली आहेत, ही वेदनाशामक गोळी देऊ नका" असे सांगू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाने पाठवलेल्या अहवालाचीही तीच गत.

संगणकाला अर्थ कळावा असे वाटत असेल, तर आपल्या साताबाऱ्याचे उदाहरण घ्या. साताबारा धामणगावचा असो वा बाळापूरचा, त्यातले रकाने ठरलेले असतात. भोगवटादाराचे नाव कोठे, क्षेत्र कोठे, पीक कोठे, हे ठाऊक असल्यामुळे कोणत्याही गावचा तलाठी कोणत्याही गावचा उतारा वाचू शकतो. शेताला घरात आपण 'नाल्याकाठचे वावर' म्हणू, शेजारी 'आंब्याचे वावर' म्हणेल. व्यवहार मात्र गट क्रमांकावर होतो. आणि क्षेत्राच्या रकान्यात नुसते '२' लिहून भागत नाही. दोन एकर की दोन हेक्टर, यात जवळजवळ अडीच पटींचा फरक आहे. म्हणजे ठरलेले रकाने, ठरलेला क्रमांक आणि ठरलेले माप, या तिन्ही गोष्टी जमल्या की कागद परक्या माणसालाही कळतो. वैद्यकीय नोंदींच्या बाबतीत नेमके हेच करावे लागते.

मापाचे सांगतो. आपल्यापैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत आणि नातवंडाच्या निमित्ताने आपण तिकडे सहा-सहा महिने राहून येता. ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडात रक्तशर्करा तपासली तर अहवालात ७.८ असा आकडा येतो. इकडे आपल्याला १४० पाहण्याची सवय, त्यामुळे ७.८ पाहून काही जण घाबरतात, तर काही जण साखर नाहीशीच झाली असे समजून गोळ्या थांबवतात. वास्तविक हे दोन्ही आकडे एकच आहेत; तिकडे मिलिमोल प्रतिलिटर हे एकक वापरतात आणि आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्याला अठराने गुणले की दुसरा मिळतो. क्रिएटिनिनचे तर आणखी विचित्र दिसते. तिकडचे १०६ म्हणजे आपले १.२. सोबत एकक नसेल तर आकडा निरर्थक, प्रसंगी घातक. शिवाय साखर उपाशीपोटी तपासली, जेवणानंतर दोन तासांनी तपासली की केव्हाही तपासली, हेही त्या आकड्यासोबत गेले पाहिजे.

नावांचा घोळ याहून मोठा. एका डॉक्टराने 'हार्ट अ‍ॅटॅक' लिहिले, दुसऱ्याने 'एमआय', तिसऱ्याने 'आयएचडी, जुना'. आम्हा डॉक्टरांना संक्षेपांचा भारी सोस. 'पीआयडी' असे लिहिले तर हाडांच्या डॉक्टरांच्या कागदावर त्याचा अर्थ मणक्यातील चकती सरकणे होतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदावर ओटीपोटातील संसर्ग होतो. डॉक्टर संदर्भाने ओळखतो. संगणकाला संदर्भ कोठून कळणार?

यावर जगाने काढलेली तोड म्हणजे आजाराला गट क्रमांक देणे. 'स्नोमेड सीटी' नावाचा एक प्रचंड कोश आहे. त्यात साडेतीन लाखांवर वैद्यकीय संकल्पनांना प्रत्येकी एक क्रमांक दिलेला आहे. प्रौढपणी जडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा क्रमांक ४४०५४००६. उच्च रक्तदाबाचा ३८३४१००३. डॉक्टर पडद्यावर कोणत्याही शब्दांत लिहो, खाली हा क्रमांक नोंदला गेला की पुणे, नागपूर किंवा मेलबर्न येथील संगणकाला एकच अर्थ कळतो. प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी 'लॉइंक' नावाची अशीच क्रमांकमाला आहे. ती १९९४ पासून अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील रेगनस्ट्रीफ संस्थेत जोपासली गेली. आणि साताबाऱ्याच्या रकान्यांचे काम करणारा जो ठरीव नमुना आहे, त्याला 'फायर' म्हणतात. आगीशी त्याचा संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरांचा तो उच्चार आहे. एचएल-सेव्हन या १९८७ साली स्थापन झालेल्या संस्थेने तो घडवला. रुग्ण कोण, तपासणी कोणती, आकडा किती, एकक कोणते, दिनांक कोणता, औषध कोणते, अशा प्रत्येक बाबीसाठी त्यात ठरलेली जागा आहे.

भारताने या बाबतीत काही केले नाही असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. २०१४ मध्ये भारत स्नोमेडचा सदस्य झाला, त्यामुळे देशात तो कोश वापरण्यास वेगळे शुल्क पडत नाही. या सर्व मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्याच राज्यात, पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. परम महासंगणकामुळे आपण ज्या संस्थेचे नाव ऐकले तीच ही. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी सामायिक संकेतांक तयार करण्याचे काम तेथेच झाले. मला स्वतःला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

मूर्तिजापूरकडच्या एक आजी, वय पंचाहत्तरीच्या आसपास. मधुमेहासाठी त्या गावाजवळच्या डॉक्टरांची गोळी घेत होत्या. मुलाकडे शहरात गेल्या असताना ताप आला, तेथे दाखवले. साखर वाढलेली दिसल्याने त्या डॉक्टरांनीही एक गोळी लिहून दिली. दोन्ही गोळ्यांची नावे वेगळी, रंग वेगळा, पाकिटे वेगळी. पण दोन्हींत ग्लिमेपिराइड हेच औषध होते, एकात एकटे आणि दुसरीत मेटफॉर्मिनसोबत. आजी घरी परतल्या आणि आज्ञाधारकपणे दोन्ही गोळ्या घेऊ लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास त्या घामाने भिजल्या, असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. सुदैवाने सुनेने ग्लुकोमीटर लावला. साखर ४२ होती. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून साखरपाणी देता आले आणि त्या सावरल्या. (येथे जाता जाता सांगतो: रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका; ते श्वासनलिकेत जाते. थेट रुग्णालय गाठा.)

यात दोन्ही डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पहिल्याची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. आणि फोटोरूपाने पोहोचली असती, तरी घाईच्या ओपीडीत त्या ब्रँडच्या नावाआड कोणते औषध आहे हे लक्षात येईलच याची खात्री नाही. दोन्ही चिठ्ठ्यांत घटक औषधाचा संकेतांक असता, तर दुसरी गोळी लिहिताना संगणकानेच "हे औषध आधीच चालू आहे" अशी सूचना दिली असती. या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन मला तरी येथे दिसते.

आता 'आभा'कडे वळू. १५ ऑगस्ट २०२० रोजी काही केंद्रशासित प्रदेशांपुरती सुरू झालेली ही योजना २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर लागू झाली. तीत प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो. कोरोना लसीकरणाच्या वेळी आधार क्रमांक दिलेल्या अनेकांचे खाते तेव्हाच तयार झाले होते. आपलेही असू शकेल, नवे काढण्यापूर्वी पाहून घ्या.

माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांत याविषयी एक मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करतो. आभा कार्ड दाखवून मोफत उपचार मिळत नाहीत. मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड वेगळे. सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड हे त्या प्रकारचे आहे. त्यातून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आभा हा केवळ आपल्या नोंदींना जोडणारा क्रमांक आहे. नावे सारखी ठेवून शासनाने हा गोंधळ स्वतःच ओढवून घेतला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आभामुळे आपले सगळे कागद दिल्लीत एका जागी गोळा होतात, अशीही भीती काहींना वाटते. रचना तशी नाही. अकोल्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल त्या प्रयोगशाळेच्याच व्यवस्थेत राहतो, अमरावतीच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड त्या रुग्णालयाच्या. आभा क्रमांकामुळे एवढेच कळते की, या व्यक्तीची नोंद अमुक ठिकाणी आहे. तिसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल तर त्यांच्याकडून आपल्या मोबाइलवर विनंती येते. त्या विनंतीत मागणारा कोण, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या काळातले आणि किती दिवस पाहता येतील, हे लिहिलेले असते. आपण ती मान्य करू शकतो, काळ कमी करू शकतो, नाकारू शकतो, दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. अर्थात, जे एकदा वाचले गेले ते न वाचलेले होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

हे सारे वाचून सर्व काही सुरळीत झाल्याचे चित्र उभे राहिले असेल तर ते मला पुसायला हवे. तालुक्याच्या गावात एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण तपासणारा डॉक्टर प्रत्येकाची नोंद संगणकात, तीही संकेतांकासह, करील ही अपेक्षा अवघड आहे. मी स्वतः केसपेपर हातानेच लिहितो. धारणी-चिखलदऱ्याकडे, मेळघाटात, नेटवर्क मिळाले तर मिळाले. वास्तविक त्या भागाला याची गरज अधिक आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्यात ज्याची एकदा तपासणी झाली, त्याचा निष्कर्ष आयुष्यभर त्याच्यासोबत राहायला हवा. लग्न ठरवताना, बाळंतपणात, दुसऱ्या गावी कामाला गेल्यावर तो कामास येतो. कागद हरवला म्हणून पुन्हा रक्त काढायचे, हे त्या माणसांवर अन्यायाचे आहे.

ज्येष्ठांच्या वाटेतल्या अडचणी आणखी निराळ्या. आधारवर नाव एक, रुग्णालयात दुसरे. कोठे 'विठ्ठलराव', कोठे 'विठ्ठल', इंग्रजी स्पेलिंग तर तीन प्रकारचे. जन्मतारीख शाळामास्तरांनी घातलेली १ जुलै. निंदण-खुरपणात आयुष्य गेलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही आणि ओटीपी पुण्याच्या मुलाच्या मोबाइलवर जातो, तो तेव्हा कामावर असतो. व्यवस्था आखणाऱ्यांनी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात पाहिलेला नसावा, असे कधीकधी वाटून जाते.

आणि संगणक बदलला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालणारी जुनी संगणक प्रणाली २०२२ मध्ये बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. नोंदी सर्वमान्य नमुन्यात असतील तर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेता येतात. एखाद्याच्या खासगी बोलीत असतील तर त्या त्याच्याच कपाटात अडकून पडतात. खरेदी करणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. आपल्या भागातील अनेकांचा विश्वास असलेल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅकच्या साहाय्याने नोंदी संगणकावर आल्या, म्हणजे खेड्यातल्या रुग्णांचे रुग्णालयही हे करू शकते.

तोवर आपण आणि आपली काळजी घेणारे काय करू शकतात? प्रथम, एका कोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, आपले सार लिहून काढा. आजार कोणते व केव्हापासून. सध्याच्या गोळ्या, ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेल्या घटक औषधाच्या नावासह आणि मात्रेसह. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी. शरीरात काय बसवले आहे, म्हणजे स्टेंट, पेसमेकर, कृत्रिम गुडघा, आणि कोणत्या तारखेला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते लाल शाईने. शेवटचे क्रिएटिनिन किती, हेही लिहा. आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडून तो कागद तपासून घ्या, त्यावर तारीख घाला आणि गोळी बदलली की नवा लिहा. एक प्रत खिशात असू द्या. बेशुद्ध माणूस मोबाइलवर संमती देऊ शकत नाही. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांनाही हा कागद दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, ती स्टेंटचे रक्षण करीत असते.

प्रयोगशाळेत गेलात तर छापील अहवालासोबत पीडीएफ मागून घ्या आणि आकड्यापुढे एकक आहे ना ते पाहा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासण्या केल्या तर मागचे-पुढचे आकडे ताडून पाहणे सोपे जाते. रुग्णालयात भरती झाला असाल तर कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. तीन वर्षेच, हे विसरू नका; पाच वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड आपण सांभाळले नसेल तर दुसरीकडे ते मिळेलच असे नाही.

आभा काढावे की नाही? काढावे, असा माझा सल्ला आहे. मात्र ते ऐच्छिक आहे, आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवून घरच्या तरुण माणसासमोर बसून काढा. अनेक शासकीय रुग्णालयांत नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. आभा अ‍ॅपने तो टिपला की नाव-पत्ता पुन्हा न सांगता टोकन मिळते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना रांगेतून एवढी सुटका झाली तरी पुष्कळ. काही अडल्यास १८००-११-४४७७ हा नि:शुल्क क्रमांक आहे. त्यावर आपण फोन करायचा. "आभाचे कार्ड बंद पडेल, ओटीपी सांगा" असा फोन आपल्याला आला, तर तो भामट्याचा समजून ठेवून द्यावा.

मुलांनाही एक सांगणे आहे. आईवडिलांच्या मोबाइलवर आलेली संमतीची विनंती परस्पर मान्य करू नका, त्यांना विचारा. सत्तरीच्या माणसालाही काही आजार मुलांना सांगायचे नसतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

हृदयालेखाच्या त्या उडणाऱ्या कागदाची झेरॉक्स मात्र याच आठवड्यात काढून घ्या. साधी झेरॉक्स टिकते, मूळ प्रत उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. छातीत दुखून एखाद्या रात्री रुग्णालयात जावे लागले, तर आजचा हृदयालेख ताडून पाहण्यासाठी तेथील डॉक्टर आपला जुना आलेखच सर्वांत आधी मागतील.